घरातील माहितीची कोठी
नेटवर्क हार्ड डिस्कचा उपयोग आणि सावधगिरी

(सोलापूर येथील एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय संगणकाच्या क्षेत्रातील असला, तरी सोलापूरकरांना तो परका वाटण्याचे कारण नाही. माहिती एखाद्या वस्तूत साठवून ठेवावयाची आणि हवी तेव्हा तिच्याकडून काम करून घ्यावयाचे, ही कल्पना या शहरातील मागांवर कित्येक वर्षे राबत आली आहे. आपल्या चादरीवरील नक्षी जॅकार्ड यंत्राच्या साहाय्याने उमटते. छिद्रे पाडलेल्या जाड पत्त्यांची एक माळ त्या यंत्रावरून फिरत असते आणि प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलावयाचे, हे त्या पत्त्यांवरील छिद्रे ठरवितात. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही युक्ती रूढ केली. पुढे १८९० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ याने अशाच छिद्रांच्या पत्त्यांवरून माणसांची मोजदाद केली आणि तेथून ही वाट संगणकाकडे वळली. पत्त्यांची माळ नाहीशी झाली, तर विणकराचे कसब शाबूत असूनही ती नक्षी जशीच्या तशी उमटत नाही. माहिती आणि माहिती सांभाळणारी वस्तू यांचे नाते असे घट्ट आहे.

आज ही माळ कारखान्यापुरती राहिलेली नाही. ती प्रत्येक घरात आली आहे. म्हणूनच घरातील साठवणीसाठी नेटवर्कशी जोडलेली हार्ड डिस्क वापरणे कितपत हिताचे आहे, तिचा लाभ कोणता आणि तिच्यावर विसंबण्याची मर्यादा कोणती, याचा विचार आपण करणार आहोत.

घराचे दप्तर कोठे गेले?

पूर्वी घराचे दप्तर म्हणजे एक लोखंडी पेटी असे. खरेदीखत, सातबाऱ्याचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नातील छायाचित्रांचा संच आणि परगावी गेलेल्या मुलाची पत्रे त्या पेटीत असत. ती कोठे आहे आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे घरातील सर्वांना ठाऊक असे. आता हे दप्तर विखुरले आहे. काही भाग वडिलांच्या मोबाइलमध्ये, काही मुलीच्या लॅपटॉपमध्ये, काही दुकानातील संगणकात, तर काही दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रांवर. मोबाइल हरवला किंवा बदलला, की त्या दप्तराची काही पाने आपल्या नकळत गळून पडतात.

दूरच्या कंपन्यांच्या सेवा उपयुक्त आहेत, यात शंका नाही. तथापि, त्यांच्या अटी त्यांच्या हाती असतात. आपल्या देशात अत्यंत लोकप्रिय असलेली ‘ऑर्कुट’ ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद करण्यात आली. ‘गूगल फोटोज’वरील अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून संपली आणि त्यानंतर चढविलेली छायाचित्रे १५ गीगाबाइटच्या विनामूल्य मर्यादेत मोजली जाऊ लागली. यात कोणी कोणाची फसवणूक केली, असे नव्हे. दुसऱ्याच्या वखारीत माल ठेवला, म्हणजे वखारीचे नियम पाळावेच लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरीकडे, सारे काही घरातच ठेवणेही निर्धोक नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराचे पाणी आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांत शिरले, तेव्हा धान्याबरोबर घरातील कागदपत्रेही भिजली. त्यांपैकी शासकीय कागद पुन्हा मिळविण्याचे मार्ग आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून काढता येतो आणि २०१५ पासून ‘डिजिलॉकर’मध्ये अनेक दाखले उपलब्ध होऊ लागले आहेत. परंतु आजीने तेलुगूत किंवा कन्नडमध्ये गायिलेल्या अंगाईचे ध्वनिमुद्रण, दिवंगत वडिलांचे हस्ताक्षर, किंवा एखाद्या छोट्या कारखानदाराने स्वतः बेतलेली नक्षी यांची दुसरी प्रत कोणत्याही कचेरीत नसते. जपणुकीचा खरा प्रश्न या वस्तूंचा आहे.

ही पेटी म्हणजे काय?

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप असलेल्या, वेगाने फिरणाऱ्या चकत्यांचे यंत्र. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने असे पहिले व्यापारी यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज एका मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रच तेवढी जागा घेऊ शकते. तळहातावर मावणाऱ्या आजच्या डिस्कवर मात्र अशी लाखो छायाचित्रे राहतात.

साधी हार्ड डिस्क एका संगणकाला जोडलेली असते आणि त्या संगणकापुरतीच ती उपयोगी पडते. नेटवर्क हार्ड डिस्क ही स्वतंत्र पेटी असते. तिच्या आत एक किंवा अधिक डिस्क आणि त्यांचा कारभार पाहणारा एक लहानसा संगणक असतो. घरातील इंटरनेटच्या राउटरला ती केबलने जोडली, म्हणजे घरातील प्रत्येक मोबाइल, लॅपटॉप आणि दूरचित्रवाणी संच यांना ती दिसू लागते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते देता येते. मुलांचा अभ्यास एका कप्प्यात, दुकानाचे हिशेब दुसऱ्यात आणि कुटुंबाची छायाचित्रे सर्वांना उघड्या असलेल्या तिसऱ्या कप्प्यात, अशी मांडणी करता येते. मोबाइलमधील नवी छायाचित्रे घरी आल्याबरोबर आपोआप या पेटीत उतरावीत, अशी सोयही बहुतेक पेट्यांत असते. विखुरलेले दप्तर पुन्हा एका जागी आणणे, हा तिचा मुख्य लाभ होय.

थोडा हिशेब

विकत घेण्यापूर्वी हिशेब करावा. मोबाइलचे एक छायाचित्र सरासरी ४ मेगाबाइटचे धरले, तर १ टेराबाइट जागेत सुमारे अडीच लाख छायाचित्रे मावतात. चलच्चित्रांना मात्र फार जागा लागते. एका मिनिटाचे चलच्चित्र सहज १०० मेगाबाइटचे होऊ शकते. तेव्हा ज्या घरात लग्नकार्यांचे चित्रीकरण जपावयाचे आहे, त्यांनी जागा सढळ घ्यावी.

वेगाचाही विचार हवा. पेटी आणि राउटर दोन्ही गीगाबिट क्षमतेचे असतील आणि संगणकही केबलने जोडलेला असेल, तर १ टेराबाइट माहिती अडीच ते तीन तासांत उतरते. हीच माहिती सेकंदाला १० मेगाबिट वेगाने इंटरनेटवरून दूर पाठवावयाची, तर अखंड सव्वानऊ दिवस लागतील. म्हणून पहिली मोठी भरणी घरात केबलने करावी आणि पुढे रोजची भर वाय-फायने पडू द्यावी. दोन डिस्कची पेटी साधारण २० वॅट वीज घेते, असे धरले, तर दिवसाकाठी अर्ध्या युनिटच्या आत आणि महिन्याकाठी १५ युनिटांच्या आसपास वीज खर्च होईल. हा खर्च कायमचा असल्यामुळे तो आधीच लक्षात घेतलेला बरा.

उन्हाळा, धूळ आणि वीज

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सोलापूरचा उन्हाळा लिहिलेला नसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. पेटीच्या आतील उष्णता खोलीपेक्षा सामान्यतः दहा-पंधरा अंशांनी अधिक असते आणि बहुतेक हार्ड डिस्कची सोसण्याची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. पत्र्याच्या छपराखाली, बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीलगत ठेवलेली पेटी या मर्यादेच्या अगदी जवळ जाते. तिला तळमजल्यावरील हवेशीर खोलीत, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. जेथे पाणी शिरण्याचे भय आहे, तेथे वरचा मजला निवडावा.

ज्या घरांना लागून माग चालतात, तेथे सुताचा बारीक तंतू हवेत सतत तरंगत असतो. डिस्क स्वतः बंदिस्त असली, तरी पेटीच्या पंख्याची जाळी या तंतूने भरते आणि वारा कोंडतो. महिन्यातून एकदा पेटी बंद करून कोरड्या ब्रशने जाळी साफ करावी. चालू पेटी मात्र हलवू नये. फिरत्या चकतीच्या पृष्ठभागापासून तिचे वाचन करणारी सुई केसाच्या जाडीच्या हजारो भागाइतक्या सूक्ष्म अंतरावर तरंगत असते. एखादा धक्काही त्या वेळी घातक ठरतो.

विजेचा तिसरा प्रश्न. लिहिणे चालू असताना वीज अचानक गेली, तर ती फाईल अर्धवट राहते आणि कधी कधी साऱ्या साठ्याची सूचीच बिघडते. यासाठी पेटी आणि राउटर यांना लहान यूपीएस जोडावा. वीज गेल्याची सूचना यूपीएसकडून मिळताच स्वतःहून व्यवस्थित बंद होण्याची सोय अनेक पेट्यांत असते. ती चालू करून ठेवावी.

जोडप्रत म्हणजे रक्षण नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दोन डिस्कच्या पेटीत दोन्हींवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिण्याची व्यवस्था करता येते. तिला ‘रेड’ पद्धतीतील जोडप्रत म्हणतात. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क असल्या, तरी वापरावयास चारच टेराबाइट मिळतात. पण त्यांतील एक बंद पडली, तरी काम थांबत नाही. ही व्यवस्था चांगली आहे. मात्र तिच्यामुळे माहिती सुरक्षित झाली, ही समजूत घातक आहे. चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. चोर पेटी उचलतो, तेव्हा दोन्ही डिस्क घेऊन जातो. आग, पाणी आणि वीज यांनाही दोन डिस्कमध्ये भेद करता येत नाही.

या बाबतीत एक बोधप्रद इतिहास सोलापूरशी निगडित आहे. ‘षट्खंडागम’ या प्राचीन जैन आगमावरील ‘धवला’ टीकेच्या कन्नड लिपीतील ताडपत्री पोथ्या कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जतन झाल्या होत्या. पोथ्या एकाहून अधिक होत्या, परंतु स्थान एकच होते. एखादी आग किंवा वाळवीचा एखादा मोठा प्रादुर्भाव साऱ्यांना पुरून उरला असता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी या पोथ्यांच्या प्रती करविण्याचा उद्योग हाती घेतला. लेखनिकांनी वर्षानुवर्षे बसून नकला उतरविल्या. पुढे त्या नकलांपासून झालेल्या प्रती मूडबिद्रीच्या बाहेर पोहोचल्या आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून हा ग्रंथ छापला जाऊ लागला आणि तो सोळा भागांत पूर्ण झाला. कालांतराने त्याच्या सुधारित आवृत्त्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेकडूनही निघाल्या. त्या दिवशी ग्रंथाला खरे अभय मिळाले, असे म्हणता येईल. ते अभय भक्कम कुलपाचे नव्हते. अनेक ठिकाणी असलेल्या प्रतींचे होते.

शासनालाही हा धडा महाग किंमत देऊन मिळाला आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे मृत्युमुखी पडली आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. शासकीय कागदपत्रांच्या संगणकीकरणाला त्यानंतर निकडीचे स्वरूप आले. राज्याच्या सर्वोच्च कचेरीवर जो प्रसंग येऊ शकतो, तो आपल्या घरावर येणार नाही, असे कोणी समजू नये.

संगणकक्षेत्रात यासाठी ‘तीन-दोन-एक’ असा एक सुटसुटीत नियम रूढ आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. घरातील पेटी ही त्यांपैकी एक प्रत धरावी. दुसरी प्रत सुट्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क एरवी पेटीपासून सोडवून ठेवावी. तिसरी परगावी असावी. सोलापुरात असे घर विरळाच, ज्यातील कोणी पुण्याला, हैदराबादला किंवा बंगळूरला नाही. दिवाळीला आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला मुले घरी येतात. त्या वेळी जुनी डिस्क त्यांनी आणावी आणि ताजी प्रत परत न्यावी. बियाणे राखणारा शेतकरी सारे बी एका कणगीत ठेवीत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

दार कोणासाठी उघडे ठेवावे?

या पेटीतील माहिती परगावाहून इंटरनेटवरून पाहण्याची सोय मोहक असते. येथेच सर्वांत जास्त सावध राहिले पाहिजे. वेस्टर्न डिजिटल कंपनीची ‘माय बुक लाइव्ह’ नावाची घरगुती नेटवर्क डिस्क २०१० मध्ये बाजारात आली होती. २०१५ नंतर तिच्या आज्ञावलीत सुधारणा होणे थांबले. यंत्रे मात्र घराघरांत चालूच होती आणि इंटरनेटलाही जोडलेली होती. जून २०२१ मध्ये कोणी तरी दुरून आदेश देऊन जगभरातील अनेक ग्राहकांची ही यंत्रे कोरी करून टाकली. ती इंटरनेटपासून ताबडतोब तोडावीत, असे कंपनीला जाहीर करावे लागले. अनेकांची वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका रात्रीत नाहीशी झाली. ज्यांच्याजवळ दुसरी प्रत होती, त्यांचे नुकसान यंत्रापुरतेच झाले.

खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणाऱ्या आज्ञावल्याही आता परिचयाच्या झाल्या आहेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने अनेक देशांतील संगणकांना ग्रासले होते. घरातील एका संगणकात असा उपद्रव शिरला, तर त्याला जोडलेल्या नेटवर्क पेटीपर्यंत तो सहज पोहोचतो. म्हणून काही पथ्ये पाळावीत. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. कंपनीच्या सुधारणा वेळेवर घ्याव्यात आणि त्या बंद झाल्या, की पेटीचा इंटरनेटशी संबंध तोडावा. खरी गरज नसेल, तर बाहेरून येण्याचे दार उघडूच नये. ठरावीक वेळच्या साठ्याची जुनी रूपे राखून ठेवण्याची सोय पेटीत असल्यास ती वापरावी, म्हणजे बिघडलेल्या फाईलचे कालचे रूप परत मिळते. आणि सोडवून ठेवलेल्या सुट्या डिस्कला कोणताही दूरस्थ हात पोहोचू शकत नाही, हे विसरू नये.

माहिती उरली, पण वाचणार कोण?

साठा शाबूत राहिला, तरी तो वाचता आला पाहिजे. पूर्वजांची मोडी लिपीतील कागदपत्रे अनेक घरांत सुस्थितीत आहेत, परंतु त्यांतील एक ओळही घरात कोणाला लागत नाही. संगणकावरील मराठीचेही काही प्रमाणात असेच झाले आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी विविध कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर तो फाँट नसेल, तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. अशा जुन्या फायली घरात असतील, तर त्या उघडणारा संगणक चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात आणि सोबत पीडीएफ प्रतही ठेवावी. मोडी कागदांची स्वच्छ छायाचित्रे काढून जाणकाराकडून त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे. छायाचित्रांच्या कप्प्यांना वर्ष आणि प्रसंग यांची नावे द्यावीत. ज्या छायाचित्रात कोण आहे हे सांगणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ बसून ती नावे आजच लिहून घ्यावीत. ही माहिती कोणतेही यंत्र आपल्याला देऊ शकत नाही.

कारभार एका हाती नसावा

शेवटचा मुद्दा यंत्राचा नसून माणसांचा आहे. बहुतेक घरांत या पेटीचा सारा कारभार एकाच व्यक्तीला ठाऊक असतो, बहुधा घरातील तरुण मुलाला. तो नोकरीनिमित्त दूर गेला किंवा दुर्दैवाने काही विपरीत घडले, तर पेटी चालू असूनही घराला ती बंदच होते. म्हणून पासवर्ड, प्रतींची ठिकाणे आणि पेटी बंद-चालू करण्याची रीत एका कागदावर मराठीत लिहून तो महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा. घरातील आणखी एका व्यक्तीने, आणि ती गृहिणी असल्यास अधिक चांगले, हे सारे स्वतःच्या हाताने एकदा करून पाहावे. वर्षातून एकदा, समजा पाडव्याला, परगावच्या प्रतीतून चार-दोन फायली प्रत्यक्ष उघडून बघाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे न उघडलेल्या कणगीतील धान्यावर वर्षाचा हिशेब मांडणे होय.

हार्ड डिस्क केव्हा ना केव्हा बंद पडणारच, हे गृहीत धरून चालावे. ती किती दिवस टिकेल, हे आपल्या हाती नाही. ती बंद पडेल त्या दिवशी आपले काय जाईल, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. ज्यांना नेटवर्क पेटी घेणे आज शक्य नाही, त्यांनीही एक सुटी डिस्क घेऊन घरातील सर्व मोबाइलमधील छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे तिच्यावर उतरवावीत आणि तिची दुसरी प्रत नातलगाच्या घरी ठेवावी. सुरुवात तेवढ्यानेही होते. पेटी पुढे केव्हाही घेता येईल. पुसला गेलेला आवाज मात्र परत आणता येणार नाही.